येत जा, हिरानोसान

हिरानोसान दुसऱ्या दिवशीही दारात उभे राहिले, तेव्हा वसुधाताई कर्णिकांना वाटलं, हे काल चष्मा विसरून गेले असतील.

ताईंनी दार उघडता उघडताच टीपॉयवर नजर टाकली, मग टीव्हीखालच्या कपाटावर. चष्मा हिरानोसानांच्या नाकावरच होता. ते कमरेत वाकले, बूट काढून टोकं दाराकडे करून जुळवून ठेवले आणि कागदात सुबक गुंडाळलेला एक खोका त्यांनी दोन्ही हातांनी पुढे केला. आत बिस्किटं होती. पाहुणा बिस्किटं घेऊन, संध्याकाळी साडेसातला, बूट काढून आत येतो, त्याचा अर्थ लावायला जपानी यावं लागत नाही.

"अहो," वसुधाताई स्वयंपाकघरात जाऊन दबक्या आवाजात म्हणाल्या, "ते परत आलेत."

बाळ कर्णिक कढईत वालाचं बिरडं हलवत होते. "येऊ दे," ते म्हणाले आणि भाताचं कुकर लावायला वळले.

"*भाताचा* कुकर," वसुधाताई म्हणाल्या. घरात भूकंप झाला असता तरी त्यांनी आधी लिंग दुरुस्त केलं असतं. आयुष्यभर त्यांनी शाळेत मराठी शिकवलं होतं, त्यातही व्याकरण. सोसायटीच्या नोटिशीतलं शुद्धलेखन त्या लाल पेनानं तपासत. मुलगी ऋता लहानपणी "आई, माझी मदत कर" म्हणाली, की "'मला' मदत कर" असं तिच्याकडून म्हणवून घेईपर्यंत मदत मिळत नसे. निवृत्त झाल्यावर दुरुस्त करण्यासारखं मुलुंडात फारसं उरलं नाही, म्हणून त्या जपानी शिकायला लागल्या. शिकवणारी निधी त्यांच्या मुलीपेक्षाही लहान होती. तिला 'सेन्सेई' म्हणताना सुरुवातीला जीभ जड व्हायची. पण गुरू तो गुरू, असं मनाला समजावून त्या पहिल्या बाकावर बसत आणि इतरांच्या चुकांवर हळूच मान हलवत.

हिरानोसान हे ऋताच्या पवईच्या ऑफिसातले मोठे साहेब. ओसाकाहून काही महिन्यांसाठी आलेले. इंग्रजी 'थँक यू'च्या दोन पावलं पुढे जाऊन थांबायचं. त्यांना घरी जेवायला बोलवावं हा हट्ट वसुधाताईंचाच. ऋता कबूल होत नव्हती, कारण पुढच्या वर्षी ओसाकाला कोणाला पाठवायचं ते हेच साहेब ठरवणार होते आणि आईचं जपानी तिने ऐकलेलं होतं.

तरी पहिली संध्याकाळ झकास पार पडली होती. वसुधाताईंनी हवामानावर पाठ केलेली सगळी वाक्यं म्हटली. हिरानोसानांनी प्रत्येक वाक्याला मान डोलावली आणि बाळरावांच्या हातची सुक्या कोळंबीची, म्हणजे सोड्याची खिचडी तीनदा मागून घेतली. निघताना ते दारात वाकले, आणि वसुधाताईंना वाटलं, आता एखादं घरगुती, मायेचं वाक्य हवं. आपण मराठीत सहज म्हणतो ना, "येत जा हं!" तसं काहीतरी. 'येत जा' म्हणजे पुन्हा पुन्हा येणं आलं, रीत आली, नेम आला. त्यांनी क्षणभर डोळे मिटले, मनातल्या मनात फळ्यावर वाक्य मांडलं आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "इत्सुमो किते कुदासाइ!"

हिरानोसान किंचित थबकले. "इत्सुमो?"

"हाय! इत्सुमो, इत्सुमो!" वसुधाताईंनी जपानीत हो म्हणून दोन्ही हातांनी जोर दिला.

हिरानोसान पहिल्यापेक्षा खाली वाकले. बाळराव त्यांना रिक्षात बसवून द्यायला खाली गेले. वसुधाताईंनी दार लावलं आणि ऋताकडे असं बघितलं, जणू हिने आता आपल्याला दंडवत घालावं.

आणि आता हे दुसऱ्या दिवशी हजर.

तिसऱ्या दिवशी ते केळ्यांची फणी घेऊन आले. चौथ्या दिवशी अगरबत्तीचा पुडा. ऋता ऑफिसातून घरी पोचायच्या आधी तिचे साहेब तिच्या घरी पोचलेले असत, पाटावर मांडी घालून बसलेले असत आणि बोंबलाच्या काट्यातून मासा असा सोडवत असत, जणू एखादं घड्याळ दुरुस्त करतायत.

ऋताने आईला गॅलरीत गाठलं. "आई, तू नक्की काय बोलली त्यांना?"

"'बोललीस'. आणि इथे 'म्हणालीस'."

"आई!"

"'येत जा' म्हणाले. दुसरं काय?"

"मग ते येतायत आणि जातायत! ऑफिसात कळलं ना, तर वाट लागेल माझी. सगळे म्हणतील, ऋता साहेबाला घरी भाकऱ्या थापून घालते आणि ओसाकाचं तिकीट काढते."

"मग तूच सांग ना त्यांना, त्या तुमच्या दुभाष्याकरवी."

"चैतन्यकरवी? चैतन्यला कळलं म्हणजे पूर्ण मजल्याला कळलं. आणि साहेबाला 'उद्यापासून येऊ नका' कोण सांगणार? मी? नको गं बाई. तू घातलायस हा घोळ, तूच निस्तर."

दुसऱ्या दिवशी वर्ग संपल्यावर वसुधाताई निधीजवळ रेंगाळल्या आणि घडलेलं सगळं, 'एका मैत्रिणीच्या बाबतीत घडलेलं' म्हणून सांगितलं.

निधी तोंडावर हात ठेवून हसायला लागली. "'इत्सुमो' म्हटलं तिनं? अहो, 'इत्सुमो' म्हणजे 'नेहमी'. केव्हाही या, म्हणायचं तर 'इत्सुदेमो'. तुमच्या मैत्रिणीनं त्यांना 'दर वेळी या' असा हुकूम सोडलाय. एक 'दे' राहिला मध्ये."

एक 'दे' राहिला आणि रोज 'दे, दे' सुरू झालं, हा विनोद वसुधाताईंना त्याही अवस्थेत सुचला. पण तो आपल्यावरच असल्याने त्यांनी गिळला.

"मग आता माझ्या मैत्रिणीनं काय करावं?"

"सरळ 'येऊ नका' म्हणायचं नाही. ते फार टोचेल. नुसतं सुचवायचं. 'आम्ही कधीकधी कामात असतो.' एवढं पुरे, जपानी माणूस समजतो. क्रियापद किंवा विशेषण, पुढे 'कोतो गा आरिमास'. म्हणजे अधूनमधून असं होत असतं. फक्त एक जपा. 'कोतो'च्या आधी वर्तमानकाळ हवा. तिथे भूतकाळ लावलात, की अर्थ बदलतो. 'पूर्वी एकदा असं झालं होतं', असा होतो."

"काळ मला नको समजावूस, सेन्सेई," वसुधाताई हसून म्हणाल्या, आणि मैत्रीण तिथल्या तिथे गळून पडली.

संध्याकाळी हिरानोसान आले. या वेळी पेरू होते. वसुधाताईंनी त्यांना निवांत जेवू दिलं, सोलकढीचा पेला हातात दिला आणि वाक्य काढलं. पण ऐन वेळी इतक्या वर्षांचं शिकवणं आडवं आलं. पुन्हा पुन्हा घडणारी गोष्ट सांगायची म्हणजे रीती भूतकाळ; 'तो रोज येत असे', 'आम्ही कामात असू', हे त्यांनी मुलांच्या इतक्या पिढ्यांकडून घोकून घेतलं होतं, की जीभ आपसूक तिकडेच वळली.

"इसोगाशिकात्ता कोतो गा आरिमास," त्या अत्यंत सूचक स्वरात म्हणाल्या.

म्हणजे, 'एके काळी आम्हीही कामात होतो.'

हिरानोसानांनी पेला खाली ठेवला. त्यांनी भिंतीवरच्या, बाळरावांच्या निरोप समारंभाच्या फोटोकडे बघितलं. मग सोफ्याच्या रिकाम्या कोपऱ्याकडे बघितलं. त्यांच्या डोळ्यांत काहीतरी हललं. "इमा वा हिमा देस ने," ते हळुवारपणे म्हणाले.

'इमा' म्हणजे 'आता', हे वसुधाताईंना कळलं. 'हिमा' त्यांना येत नव्हतं. हिमालयाबद्दल विचारत असावेत असं समजून त्या म्हणाल्या, "हाय, हाय!" आणि हाताने डोंगरही काढून दाखवला. 'आता अगदी मोकळेच असता नाही?' असं त्यांनी विचारलं होतं, हे वसुधाताईंना नंतर शब्दकोश उघडल्यावर समजलं. तोवर शनिवार उजाडला होता आणि हिरानोसान दुपारी चारलाच पत्त्यांचा जोड घेऊन आले होते.

त्यांनी बाळरावांना कसलासा जपानी डाव शिकवला. बाळरावांनी त्यांना बदामसात शिकवलं. मग दोघांनी मिळून ओट्यापाशी कानवले भरले. वसुधाताई आतल्या खोलीत डोकं धरून बसल्या होत्या. त्यांना नवऱ्याची अतोनात दया येत होती. बिचारा सकाळी उठून बाजारात जातो, सोडे निवडतो, नारळ फोडतो, खोबरं वाटतो. तोंडातून एक अक्षर काढत नाही. आपल्या एका शब्दापायी निवृत्त माणसाला खाणावळ चालवावी लागतेय.

"तुम्ही दमत असाल हो," रात्रीची भांडी आवरताना त्या म्हणाल्या.

"करणार काय?" बाळराव गंभीरपणे म्हणाले. "पाहुणा आहे." आणि उद्यासाठी वाल भिजत घातले.

हे ऐकून वसुधाताईंचा निश्चय झाला. आता आडपडदा पुरे. त्यांनी निधीला फोन करून मैत्रीण वगैरे न आणता सगळं कबूल केलं. निधीने जरा वेळ फोन बाजूला धरला असावा, कारण पलीकडून खोकल्यासारखा काहीतरी आवाज आला.

"असं करा," ती मग म्हणाली, "काळजी त्यांचीच दाखवा. पवईहून रोज यायचं, ट्रॅफिक, तुम्हाला किती त्रास. 'कुरु ताबी नी' म्हणजे 'येता तेव्हा प्रत्येक वेळी'. 'ताबी नी' लावलं, की दर खेपेला तेच घडतं, असा अर्थ. पुढे 'ओत्सुकारे देशो'. 'तुम्ही दमत असाल.' कुरु ताबी नी, ओत्सुकारे देशो. म्हणा बघू."

वसुधाताईंनी म्हटलं. आंघोळ करताना म्हटलं, पोळीवाल्या बाईंसमोर म्हटलं, लिफ्टमध्ये म्हटलं. आणि त्या संध्याकाळी, ऋता लवकर घरी आलेली असताना, सगळे ताटावर असताना, त्यांनी हिरानोसानांकडे प्रेमानं पाहिलं. माणूस आता घरचाच झाला होता. त्याला कसला आलाय आदरार्थी 'ओ'? मुलुंडात इतक्या दिवसांनी कोणी कोणाला अहोजाहो करत नाही. तो 'ओ' त्यांनी आपुलकीने गाळला. 'देशो' म्हणजे 'असाल'. पण तिथे शंका कशाला ठेवायची? माणूस दमतोच. म्हणून ठाम क्रियापद वापरलं.

"कुरु ताबी नी," त्या म्हणाल्या, "त्सुकारेमास."

हिरानोसानांचा घास हातात राहिला.

"होन्तोनी," वसुधाताईंनी मान हलवून पुस्ती जोडली. "होन्तोनी!" म्हणजे 'खरंच सांगते'.

हिरानोसानांनी घास ताटात ठेवला. पाटावरून मागे सरकले, दोन्ही हात जमिनीवर टेकले आणि कपाळ लादीला लागेल इतके वाकून एक लांबलचक शब्द म्हणाले. तो वसुधाताईंच्या पुस्तकात अजून आला नव्हता. काहीतरी उच्च प्रतीचं आभारप्रदर्शन असावं. मग ते बाळरावांकडे वळून तसेच वाकले. सोलकढी न पिता उठले. बाळराव चपला घालेपर्यंत जिना उतरून गेलेही.

"बघितलंस?" वसुधाताई ऋताला म्हणाल्या. "याला म्हणतात भाषेवरचं प्रभुत्व. कोणाचं मन न दुखवता!"

हिरानोसान दुसऱ्या दिवशी आले नाहीत. त्यानंतरही नाहीत. वसुधाताईंनी सातला आपलं मुगाचं सूप घेतलं, पाय वर करून बसल्या आणि घरात कसं शांत शांत वाटतं, असं दोनतीनदा म्हणाल्या. बाळरावांनी दुधीची भाजी केली. त्याच्या दुसऱ्या दिवशीही दुधीच केली. पत्त्यांचा जोड टीपॉयवर तसाच पडून होता. त्यांनी तो एकदा पिसला आणि ठेवून दिला.

पुढच्या वर्गात वसुधाताईंनी विजयवार्ता सगळ्यांदेखत सांगितली. निधीचा चेहरा मात्र हळूहळू उतरत गेला.

"कर्णिकसान," ती म्हणाली, "'ओ' लावलात ना?"

"तो मी मुद्दामच गाळला. जवळीक म्हणून."

"आणि 'देशो'?"

"'त्सुकारेमास' म्हटलं. जास्त ठाम."

निधी खुर्चीवर बसली. "अहो, जपानी वाक्यात कर्ता नसतो. तो 'ओ'वरून कळतो, 'देशो'वरून कळतो. दोन्ही काढलंत म्हणजे दमणाऱ्या तुम्ही झालात. तुम्ही त्यांना म्हणालात, 'तुम्ही येता तेव्हा प्रत्येक वेळी मला थकवा येतो.'"

"आणि मी," वसुधाताईंनी वही मिटली, "वर 'खरंच सांगते' म्हणाले."

मागच्या बाकावरची मुलं खाली बघून हसू दाबत होती. त्यांच्यावर मान हलवायला त्या दिवशी वसुधाताईंची मान मोकळी नव्हती.

घरी आल्या तर ऋता आधीच आलेली, पर्स खांद्यावर तशीच, पंख्याखाली उभी.

"आई, बस. बाबा, तूही ये बाहेर. आज साहेबांनी मला पँट्रीत बोलावलं. चैतन्यला घेऊन. आणि चक्क माझी माफी मागितली."

"माफी?" वसुधाताईंनी पदराने कपाळ पुसलं. "अगं, ती माझ्या 'इत्सुमो'मुळे—"

"तुझ्या 'इत्सुमो'चं काही नाही. ते त्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं. चैतन्यला म्हणाले, ऋतासानच्या आई 'इत्सुदेमो' म्हणत होत्या, सगळे नवशिके हीच चूक करतात."

वसुधाताई सोफ्याच्या काठावर बसल्या. इतके दिवस, इतकी घालमेल, इतका पश्चात्ताप. आणि ज्याच्यासाठी हे सगळं, तो त्यांची चूक दारातच दुरुस्त करून रिक्षात बसला होता. नवशिके! हा शब्द त्यांनी आजवर फक्त दुसऱ्यांसाठी वापरला होता.

"मग रोज यायचे ते कशाला?"

ऋताने बाळरावांकडे बोट केलं.

बाळराव भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते.

"रोज खाली रिक्षापर्यंत सोडायला जायचा ना हा," ऋता म्हणाली, "तिथे बोलवायचा. मोबाईलवर फोटो दाखवून. उद्या हलवा. उद्या कानवले. साहेब म्हणाले, वडील इतक्या प्रेमाने बोलवतात, नाही कसं म्हणू? आणि परवा आई म्हणाल्या की त्यांना माझ्या येण्याने थकवा येतो. तेव्हा मला लाज वाटली, की या घरात एक माणूस दमतंय हे मला दिसलंच नाही."

"अहो!" वसुधाताई म्हणाल्या. पुढचं वाक्य त्यांना कुठल्याच भाषेत सुचलं नाही.

"मग काय करायचं?" बाळराव म्हणाले. आवाज जरा चढलाच. "तू सातला सूप पितेस. ही ऑफिसात खाऊन येते. निवृत्त झाल्यावर एवढं शिकलो मी, बिरडं, खिचडी, कानवले, ते कोणासाठी? दुधीसाठी? तो माणूस दर वेळी परत वाढून घेतो. डोळे मिटून खातो. त्याची बायको तिकडे, पोरं तिकडे. हॉटेलातलं सँडविच खाऊन झोपायचा रे तो!" 'रे' कोणाला होतं ते स्पष्ट नव्हतं.

"मला सांगायचंत की."

"केव्हा? तू घरभर क्रियापदं म्हणत फिरत होतीस. मला वाटलं, परीक्षा आहे."

मग वसुधाताईंनी घाबरत विचारलं, "आणि ओसाका? माझ्यामुळे तुझं—"

"ओसाकाची नावं ते आपल्याकडे पहिल्यांदा आले त्याच्या आधीच गेली होती," ऋता म्हणाली. "माझं नाव पुढच्या खेपेला आहे. तुझ्या जपानीचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. चांगलाही नाही नि वाईटही नाही."

हे खरं तर दिलासा म्हणून सांगितलेलं होतं. वसुधाताईंना मात्र ते बाकी सगळ्यापेक्षा जास्त लागलं.

रविवारी सकाळी बाळरावांनी सोडे भाजायला घेतले, तेव्हा वसुधाताई स्वतःहून नारळ खवायला बसल्या. वाटेभर, मुलुंडहून पवईपर्यंत, त्या रिक्षात वाक्य म्हणत होत्या. निधीकडून तीनदा तपासून घेतलेलं वाक्य होतं ते: तुम्ही याल तेव्हा दर वेळी आम्हाला आनंदच होतो, मी चुकीचं म्हणाले, मला क्षमा करा. 'ताबी नी' जागेवर होतं. कर्ता स्पष्ट होता. आदरार्थी होतं तेवढं सगळं ठासून भरलं होतं. डबा बाळरावांच्या मांडीवर होता आणि रिक्षावाला आरशातून मागे बघून वास घेत होता.

तलावाच्या बाजूच्या उंच इमारतीत हिरानोसानांनी दार उघडलं. घरातल्या कपड्यांत ते वयाने बरेच मोठे दिसत होते. वसुधाताईंनी कंबरेत वाकून श्वास घेतला. "कुरु ताबी नी—"

"खिचडी आहे," बाळराव म्हणाले आणि डबा पुढे केला. "सोड्याची. गरम आहे, आत्ता खा."

"सोडे!" हिरानोसान म्हणाले. त्यांनी डबा दोन्ही हातांनी घेतला, मग एका हाताने बाळरावांचं कोपर धरलं आणि दोघं आत ओट्याकडे गेले. आतून झाकण उघडल्याचा, ताटल्या काढल्याचा आवाज आला, आणि मग कोणीतरी मोठ्याने, पोटातून, "आहा" म्हणालं. ते कोण म्हणालं, आवाजावरून कळेना.

वसुधाताई उंबऱ्याशी अजून वाकलेल्याच होत्या. वाक्य अर्धं झालं होतं आणि अर्धं सोडणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी उरलेलं वाक्य बुटांच्या कपाटाकडे बघत, एकही चूक न करता, शेवटपर्यंत म्हटलं. मग त्या सरळ उभ्या राहिल्या, चपला काढून टोकं दाराकडे केली आणि आत गेल्या.

हिरानोसानांनी त्यांच्यासाठी ताटली मांडलेली होती. "वसुधासान," ते खुर्ची मागे ओढत अडखळत, पण चक्क मराठीत म्हणाले, "बसतो!"

वसुधाताईंचं तोंड उघडलं. प्रथमपुरुषी, वर्तमानकाळ, आज्ञार्थाच्या जागी. बाळराव खिचडीचा डाव हातात धरून त्यांच्याकडे बघत होते.

"बसतो," वसुधाताई म्हणाल्या, आणि बसल्या.